इसे जिंगू: आधी गेकू, मग नाइकू

कातळखूण

जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत फुशिमी इनारी असतं, मियाजिमा असतं, तोक्योतलं मेइजी जिंगू तर असतंच. इसे सहसा नसतं. ज्यांच्या यादीत असतं त्यातले बरेच जण भर दुपारी नाइकूत उतरतात, तासाभरात पांढऱ्या पडद्यापुढे टाळ्या वाजवून बाहेर येतात आणि मग "एवढं लांब जाऊन देऊळ काही दिसलंच नाही" असं लिहितात. त्यासाठी हा धागा. माहीतगारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

इसे जिंगू हे एक देऊळ नव्हे. मिए प्रांतातल्या इसे शहरात आणि आसपास पसरलेल्या लहानमोठ्या १२५ देवळांचा तो समूह आहे. त्यातली दोन मुख्य. नाइकू हे सूर्यदेवता आमातेरासूचं स्थान, तर गेकू हे तिच्या अन्नाची काळजी वाहणाऱ्या तोयोउकेचं. परंपरेने नाइकूचं वय २००० वर्षं आणि गेकूचं १५०० वर्षं धरतात. आमातेरासू ही जपानच्या राजघराण्याची कुलदेवता, आणि राजचिन्हांतला आरसा नाइकूत आहे. तो कोणाला दाखवत नाहीत.

प्रवेशाला तिकीट नाही. दोन्ही ठिकाणं पहाटे ५ ला उघडतात. बंद होण्याची वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलते: ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी ५, जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरात ६, मे ते ऑगस्ट ७. नोव्हेंबरात साडेचारला पोचून उपयोग नाही, कारण नाइकूत पुलापासून मुख्य देवळापर्यंत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात.

क्रम ठरलेला आहे: आधी गेकू, मग नाइकू. इथले सगळे विधीही आधी गेकूत होतात. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी जाऊन परतणं ही अर्धी यात्रा समजतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुख्य देऊळ चार कुंपणांच्या आत आहे. सामान्य भक्त बाहेरच्या भागातल्या दारापर्यंत जातो, पुढे पांढरा पडदा असतो. वाऱ्याने उडाला तर आतला गोट्यांचा चौक दिसेल. कुंपणावरून छपराची टोकं दिसतील, बस. हे आधीच माहीत असेल तर निराशा होत नाही आणि जे दिसतं त्याकडे नीट लक्ष जातं.

गवतीचहा

उत्तम धागा. प्रश्न: क्योतोहून एका दिवसात होईल का? बरोबर सत्तरीचे दोघे आहेत. जपान रेल पास आहे. आणि शाकाहारी!

रुळावरचा

होईल, पण रेल पास विसरा. क्योतोहून सोयीची गाडी किंतेत्सू या खासगी कंपनीची आहे आणि तिथे तो पास चालत नाही. किंतेत्सूची मर्यादित थांब्यांची एक्स्प्रेस क्योतोहून साधारण दोन तास घेते. थेट गाड्या थोड्या आहेत; नाहीतर यामातो-यागीला बदलायची. ओसाका-नांबाहून पावणेदोन तास, नागोयाहून दीड तासाच्या आत.

इथे लोक एका गोष्टीत फसतात. या एक्स्प्रेसला दोन तिकिटं लागतात: एक मूळ भाड्याचं आणि दुसरं एक्स्प्रेसचं, आसनक्रमांकासह. फक्त प्रवासाचं कार्ड टेकवून आत गेलात तर दुसरं तिकीट गाडीत तपासनीसाकडून घ्यावं लागतं, आणि गर्दीच्या दिवशी आसन शिल्लक नसतं. नागोयाहून साधी जलद गाडी घेतली तर हे दुसरं तिकीट लागत नाही, वेळ थोडा जास्त जातो.

नागोयाहून जेआरची (म्हणजे जपान रेलची) 'मिए' नावाची जलद गाडी आहे, तिला रेल पास चालतो. पण अर्धवट. कावाराडा ते त्सू हा मधला तुकडा इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीचा आहे. त्याचे पैसे गाडीतच रोख मागतात. ती दंडाची पावती नव्हे, वाद घालू नका.

उतरायचं इसेशी स्थानकावर. जेआरच्या बाजूने बाहेर पडा, समोरच्या सरळ रस्त्याने पाच-सात मिनिटांत गेकू. गेकूहून नाइकू पाच-सहा किलोमीटर, चालत जाण्यात हशील नाही. गेकूसमोरच्या थांब्यावरून ५१ किंवा ५५ क्रमांकाची बस, वीस मिनिटं. नकाशात इसुझुगावा स्थानक नाइकूच्या सगळ्यात जवळ दिसतं म्हणून लोक तिथे उतरतात, मग दोनेक किलोमीटर तंगडतोड. बस तिथूनही आहेत पण कमी.

वेळेचा हिशेब: क्योतोहून सकाळी ७ च्या आसपासची गाडी, सव्वानऊ ते अकरा गेकू, साडेअकरापासून जेवण आणि नाइकूसमोरचा बाजार, मग दोन तास नाइकू, चारच्या सुमाराला परतीची गाडी. ज्येष्ठ बरोबर असतील तर रात्री इसेत राहणं जास्त शहाणपणाचं. सकाळी सहाला नाइकूत असलेली शांतता अकराला नसते.

ओसरी

हात धुण्याचा आणि नमस्काराचा भाग लिहिते, कारण चुका तिथेच होतात.

तोरीपाशी, म्हणजे देवळाच्या कमानीपाशी, थांबून किंचित वाकायचं, मग आत. वाटेच्या मधोमध चालायचं नाही, ती देवाची वाट. इसेत याला आणखी एक बारकावा आहे: गेकूत डाव्या बाजूने चालतात, नाइकूत उजव्या. गेकूत हात धुण्याची जागा डावीकडे आहे, नाइकूत ती आणि नदी उजवीकडे. म्हणून तसं.

पाण्याच्या कुंडापाशी:

१. उजव्या हाताने ओगराळं भरून घ्या. या एकाच भरीत सगळं करायचं आहे, तेव्हा काठोकाठ भरा.
२. डाव्या हातावर थोडं पाणी.
३. ओगराळं डाव्या हातात, उजव्या हातावर थोडं.
४. परत उजव्या हातात. डाव्या तळव्यात पाणी ओतून त्याने चूळ भरा. ओगराळ्याला ओठ लावायचे नाहीत.
५. तोंडाला लागलेला डावा हात पुन्हा धुवा.
६. उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळेल असं ओगराळं उभं धरा. दांडा धुतला जातो, पुढच्यासाठी. मग पालथं ठेवा.

नेहमीची चूक म्हणजे वापरलेलं पाणी परत कुंडात पडणं. हात कुंडाबाहेर, खालच्या गोट्यांवर धरायचे. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दोन पायऱ्यांत पाणी संपवणं. कोविडनंतर बऱ्याच देवळांत ओगराळी काढून सतत वाहती धार ठेवली आहे. तिथे धारेखाली डावा, उजवा, चूळ, डावा एवढंच. चूळ नको असेल तर ओठांना ओला हात लावला तरी कोणी काही म्हणत नाही. हे पाणी पिण्यासाठी नाही आणि बाटलीत भरण्यासाठी तर नाहीच.

देवापुढे: दोनदा कंबरेतून काटकोनात वाकणं, दोन टाळ्या, हात जोडलेलेच ठेवून प्रार्थना, शेवटी एकदा वाकणं. टाळीच्या वेळी तळवे छातीच्या उंचीवर, उजवा हात डाव्यापेक्षा बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवायचा. नाणं आधी, अलगद. लांबून भिरकावू नये. इसेचे पुजारी आठ वेळा वाकतात आणि आठ टाळ्या वाजवतात, ते बघून नक्कल करू नका, भक्तांसाठी दोन-दोन-एक. इझुमो ताइशा या दुसऱ्या देवळात गेलात तर तिथे मात्र भक्तही चार टाळ्या वाजवतात.

चिंचोके

ओसरी, छान. एक भर: मुख्य देवळापुढे नवस-मागणी करायची नाही, असा संकेत आहे. पूर्वी सम्राटाखेरीज कोणालाही इथे स्वतःच्या नावाने काही अर्पण करायला मनाई होती. त्यामुळे मुख्य देवळात आभार मानायचे, आणि स्वतःसाठी काही मागायचं असेल तर नाइकूत आरामात्सुरी-नो-मिया आणि गेकूत ताका-नो-मिया ही उपदेवळं. दोन्हींत त्या त्या देवतेचं उग्र रूप आहे.

इसेत काय नाही त्याचीही यादी हवी. बाकी जपानी देवळं बघून आलेले शोधत बसतात: दारात दगडी सिंहाच्या जोड्या नाहीत, वाजवायची घंटा नाही, गवताच्या दोराची जाड माळ नाही आणि भविष्याच्या चिठ्ठ्या नाहीत. चिठ्ठी हवी असेल तर दुसऱ्या कुठल्याही देवळात मिळेल.

गवतीचहा

काही प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. सुतक असेल तर? पाळीत चालतं का? चपला कुठे काढायच्या? नारळ-फुलं नेली तर?

ओसरी

सुतक शिंतोत, म्हणजे या देवळांच्या जपानी धर्मात, आहे, आणि कडक आहे. घरात मृत्यू झाला असेल तर साधारण ५० दिवस तोरीखालून जात नाहीत. परदेशी माणसाला कोणी विचारणार नाही, पण पाळायचं असेल तर नियम हा.

पाळीबद्दल भक्तांवर आज कसलीही बंदी नाही. इसेचं सर्वोच्च धार्मिक पद, सायशू, बाईकडेच आहे. २०१७ पासून त्या पदावर सम्राटांच्या भगिनी सायाको कुरोदा आहेत.

चपला काढायच्या नाहीत. सगळं उघड्यावर, गोट्यांवर. फक्त पूजेसाठी कागुरादेनच्या इमारतीत गेलात तर काढाव्या लागतात. टोपी, गॉगल देवापुढे उतरवायचे. नारळ, फुलं, हळदकुंकू काही नेऊ नका. ठेवायला जागा नाही आणि तिथल्या माणसाला ते उचलून टाकावं लागतं. प्रदक्षिणाही नाही.

फोटो: नाइकूत मुख्य देवळाच्या दगडी पायऱ्यांच्या खालूनच. पायरीवर पाय ठेवला की कॅमेरा बंद. वर पहारेकरी असतो आणि तो नम्रपणे पण लगेच थांबवतो. गेकूतही कुंपणाच्या आत फोटो नाही.

कपड्यांचं बंधन साध्या दर्शनाला नाही. कुंपणाच्या आत जाऊन विशेष दर्शन घ्यायचं असेल तर मात्र पुरुषांना सूट-टाय, बायकांना तितकाच औपचारिक पोशाख, आणि तो मान दर २० वर्षांनी होणाऱ्या पुनर्बांधणीसाठी देणगी देणाऱ्यांना असतो. जीन्सवर आलेल्याला देणगीची पावती दाखवूनही आत घेत नाहीत.

कातळखूण

गेकूबद्दल लिहायचं राहिलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: वेळ कमी पडला तर बाजाराचा कमी करा, गेकूचा नको. लोक नेमकं उलटं करतात.

गेकूत रोज दोनदा देवांना नैवेद्य असतो. एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ८ आणि दुपारी ४, ऑक्टोबर ते मार्च सकाळी ९ आणि दुपारी ३. परंपरा सांगते की हे सुमारे १५०० वर्षं न खंडता चालू आहे. पुजारी आदल्या रात्रीपासून आवारात राहतात आणि अंघोळ करून सोवळ्यात येतात. अग्नी काडेपेटीने नाही, लाकडावर लाकूड घुसळून पाडतात. आपल्या यज्ञातलं अरणीमंथन ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी आवारातल्या राखीव विहिरीचं. ताटात भात, कात्सुओ मासा, ताजा मासा, समुद्री शेवाळ, भाजी, फळ, मीठ, पाणी आणि साके ही तांदळाची दारू. भात, भाज्या, मीठ हे सगळं जिंगूच्या स्वतःच्या शेतांत, मळ्यांत आणि मिठागरात तयार होतं. नैवेद्याची इमारत आत आहे, ती दिसत नाही. पण ठरल्या वेळी इमिबियादेन या मुदपाकखान्याच्या बाजूला थांबलात तर पांढऱ्या वस्त्रातले पुजारी पेटारा घेऊन जाताना लांबून दिसू शकतात. मध्ये जाऊ नका, थांबून मान झुकवा.

मग ताका-नो-मिया: ९८ दगडी पायऱ्या. खाली त्सुची-नो-मिया आणि काझे-नो-मिया. काझे-नो-मिया हे वाऱ्याचं देऊळ. १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर चालून आलेली मंगोल आरमारं वादळात सापडली, त्याचं श्रेय या देवाला देऊन १२९३ मध्ये त्याला वरचा दर्जा दिला.

वाटेत दोरी लावलेले तीन दगड दिसतील. त्यावर हात धरून 'ऊर्जा' घेणाऱ्यांची रांग असते. ती पुनर्बांधणीच्या वेळच्या शुद्धिविधीची जागा आहे, हात शेकायची शेगडी नव्हे. लांबूनच बघा.

वासेमेढी

बांधकामाबद्दल. दर २० वर्षांनी हे देऊळ शेजारच्या रिकाम्या जागेत नव्याने बांधतात आणि देव हलवतात, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पहिली खेप ६९० साली, सम्राज्ञी जितोच्या काळात. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या यादवीत शंभराहून अधिक वर्षं खंड पडला. २०१३ ची बासष्टावी, २०३३ ची त्रेसष्टावी. दोन जागा पूर्व-पश्चिम अशा लागून आहेत. जुनं देऊळ उतरवलं की ती जागा पांढऱ्या गोट्यांसह मोकळी राहते आणि मधोमध एक छोटी लाकडी झोपडी असते. तिच्याखाली पुढच्या देवळाच्या मध्यखांबाची जागा राखलेली आहे. ही मोकळी जागा गेकूत छान दिसते. तिथे पाच मिनिटं उभं राहिलात तर आतल्या देवळाचा आवाका कळतो.

२० वर्षंच का, याचं कारण दहाव्या शतकातल्या नियमसंहितेतही दिलेलं नाही. नियम तेवढा आहे. पण रचना बघितली की अर्धं उत्तर मिळतं. खांबाला जोतं नाही. हिनोकी या जपानी झाडाच्या लाकडाचा खांब थेट जमिनीत पुरलेला असतो, म्हणजे आपली मेढ. दमट हवेत जमिनीलगत लाकूड कुजतं. वर रंग नाही, रोगण नाही. छप्पर गवताचं, त्यालाही तितकंच आयुष्य. दुसरी बाजू कारागिरांची: विशीत शिकणारा, चाळिशीत करणारा, साठीत देखरेख करणारा अशा तीन फेऱ्या एका हयातीत बसतात. एका खेपेला दहा हजारांहून जास्त हिनोकी लागतात, त्यातले बरेचसे किसोच्या जंगलातून. स्वतःच्या जंगलातून लाकूड मिळावं म्हणून १९२३ मध्ये जिंगूने २०० वर्षांची लागवड योजना आखली. इमारतींखेरीज देवाची वस्त्रं, शस्त्रं, दागिने मिळून ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तूही नव्याने घडवतात.

ओळखायचं कसं: आढ्याच्या दोन्ही टोकांना फुलीसारखे वर गेलेले वासे बघा. त्यांची टोकं आडवी कापलेली असतील तर नाइकू, उभी कापलेली असतील तर गेकू. आढ्यावर आडवे ओंडके नाइकूत १०, गेकूत ९. फोटो कुठला आहे हे यावरून सांगता येतं, आणि प्रवासी माहितीपत्रकांत ते बरेचदा चुकलेलं सापडतं.

मुख्य देऊळ दिसत नाही म्हणून चरफडू नका. नाइकूत आरामात्सुरीकडे जाताना मिशिने-नो-मिकुरा हे तांदळाचं कोठार लागतं. तीच शैली, फक्त लहान, आणि हाताच्या अंतरावर. जमिनीपासून उचललेली भुई, आडव्या फळ्यांच्या भिंती, पाखीबाहेर सुटा उभा राहून आढं तोलणारा खांब. इसेची ही शैली मुळात धान्यकोठारातूनच आली असं मानतात. बहुतेक लोक त्यासमोरून फोन बघत निघून जातात.

आणि गेकूतलं सेंगूकान संग्रहालय चुकवू नका. प्रवेश ३०० येन. आत गेकूच्या मुख्य देवळाच्या चौथ्या भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी बंद. हे आधी बघून मग देवळात गेलात तर पडद्यामागे काय आहे ते डोळ्यांपुढे राहतं.

चिंचोके

+१. उतरवलेलं लाकूड जातं कुठे तेही लिहा की. मीच लिहितो. नाइकूच्या उजी पुलाच्या दोन टोकांना दोन तोरी आहेत. आतली तोरी नाइकूच्या जुन्या देवळाच्या आढेखांबांची, बाहेरची गेकूच्या. तिथे २० वर्षं उभ्या राहिल्या की आतली जाते जुन्या तोकाइदो मार्गावरच्या सेकीला आणि बाहेरची कुवानाच्या धक्क्यावर. तिथे आणखी २० वर्षं. बाकीचं लाकूड देशभरातल्या देवळांना वाटतात.

पूल १०१.८ मीटर लांब, रुंदी साडेआठ मीटरच्या आत. तोही २० वर्षांनी नवा होतो; मागचा २००९ चा. पुलाच्या वरच्या अंगाला नदीत सुटे खांब रोवलेले दिसतील. पुरात वाहून आलेले ओंडके पुलावर आदळू नयेत म्हणून ते.

मुक्कामपोस्ट

ज्येष्ठांसाठी: सगळी वाट जाड गोट्यांची आहे. टाचेच्या चपला, चाकांची बॅग आणि नेहमीच्या बारीक चाकांची खुर्ची, तिन्ही अडतात. पुलापाशी जिंगूच्या खुर्च्या मिळतात, त्या घ्या. नाइकूत मुख्य देवळाच्या शेवटच्या पायऱ्यांना खुर्चीची सोय गृहीत धरू नका. पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून नमस्कार करणारे पुष्कळ असतात. ताका-नो-मियाच्या ९८ पायऱ्या गुडघेदुखीवाल्यांनी सोडाव्यात. पायथ्याशी एक जागा केलेली आहे, तिथून वरच्या देवाला नमस्कार करता येतो.

इसुझू नदीच्या काठावर हात धुवायला दगडी उतरंड आहे. तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, शोगुन त्सुनायोशी, याच्या आईने, केइशोइनने, १६९२ मध्ये ती बांधवून दिली असं सांगतात. कुंडाऐवजी इथे हात धुतले तरी चालतं. पण दगड गुळगुळीत आहेत आणि पावसानंतर पाणी वर येतं. अशा वेळी म्हाताऱ्यांना आणि पोरांना वरच ठेवा.

बॅगा इसेशी स्थानकावरच लॉकरमध्ये टाका. नाइकूजवळचे लॉकर सकाळी दहालाच भरतात.

गवतीचहा

आणि खाण्याचं?

मुक्कामपोस्ट

शाकाहाऱ्यांनी इसे उदोनपासून सावध. जाड, मऊ नूडल आणि वर काळसर सॉस, दिसायला निरुपद्रवी. त्या सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क असतो. "मांस नको" म्हटलंत तर वरचं मांस काढतील, अर्क तसाच राहील. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी मासा हा 'मांस' या शब्दात धरत नाहीत. जपानीत लिहून न्या: मांस, मासे, माशाचा अर्क, तिन्ही नको. तेवढ्यानेही बऱ्याच दुकानांत उत्तर "मग काही नाही" असंच येईल, कारण अर्क सकाळीच घातलेला असतो. क्योतोहून ओनिगिरी (भाताचे मुटके) नेणार असाल तर नुसत्या मीठ-भाताची किंवा उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) बघून घ्या, आणि उमेबोशीच्याही वेष्टनावर कात्सुओ लिहिलंय का ते तपासा.

चालणारं म्हणजे आकाफुकू: चिकट तांदळाच्या मोचीवर लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, वर बोटांनी ओढलेल्या तीन रेषा. मुख्यतः तांदूळ, आझुकी आणि साखर. दुकान १७०७ पासूनचं, मुख्य दुकान पहाटे ५ ला उघडतं. मोची आणि चहा अशी थाळी तिथेच बसून खा. डबा घरी न्यायचा बेत करू नका: टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीन दिवस, मग मोची दगड होते. मुंबईच्या विमानाच्या आदल्या दिवशी घेतला तर कसाबसा बसतो.

बाजारात मात्सुसाका गोमांसाच्या काड्या भाजत असतात, वास सगळीकडे. ज्यांना त्रास होतो त्यांनी सकाळी आठच्या आत बाजार ओलांडावा. देवळाच्या आत खाणं बंद, कचरापेट्या नाहीत. पिशवी जवळ ठेवा.

रुळावरचा

गर्दी आणि दिवस:

जानेवारीचा पहिला पंधरवडा टाळा. ३१ डिसेंबरच्या रात्री देऊळ बंदच होत नाही, रस्ते खासगी गाड्यांना बंद, बस तास तास अडकते. जानेवारी सोडून दर महिन्याच्या १ तारखेलाही पहाटेपासून रांगा, कारण त्या दिवशी आकाफुकूची त्या महिन्यापुरती खास मोची असते. १, ११ आणि २१ तारखेला सकाळी आठच्या सुमाराला देवाचा घोडा सजवून मुख्य देवळापुढे आणतात. हे मात्र बघण्यासारखं आणि पाच मिनिटांत संपणारं.

वर्षातला सगळ्यात मोठा विधी कान्नामेसाई, १५ ते १७ ऑक्टोबर: नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य. मुख्य भाग रात्री, आत. भक्तांना वाटेवरची मिरवणूक दिसते.

हिवाळ्यातल्या लहान दिवसांत, २२ डिसेंबरच्या आगेमागे, सूर्य नेमका उजी पुलाच्या तोरीतून उगवतो. साडेसातच्या सुमाराला. कॅमेरेवाले साडेपाचला जागा धरतात. त्या तारखेचा हट्ट नसेल तर आधीचे-नंतरचे दोनतीन आठवडेही सूर्य तोरीच्या चौकटीतच येतो आणि माणसं बरीच कमी असतात.

कातळखूण

मुक्काम असेल तर जुना पूर्ण क्रम करता येतो. आधी फुतामी: समुद्रात दोराने बांधलेले दोन खडक, मोठा ९ मीटर, लहान ४. पूर्वी यात्रेकरू इथे समुद्रस्नान करून मग गेकूला जात. जेआरच्या फुतामिनोउरा स्थानकापासून चालत पंधरा मिनिटं. मे ते जुलै सूर्य खडकांच्या मधून उगवतो. दोर वर्षातून तीनदा बदलतात. शेवटी आसामा डोंगरावरचं कोंगोशोजी. ते बौद्ध मंदिर आहे, तरी जुन्या गाण्यात तिथे न जाणाऱ्याचीही यात्रा अर्धीच म्हटली आहे. तिथे गाडीशिवाय किंवा सुटीच्या दिवसांच्या बसशिवाय जाणं कटकटीचं आहे, वेळ नसेल तर खुशाल सोडा.

वासेमेढी

तारखा ठरवणाऱ्यांसाठी: २०३३ ची तयारी सुरू झाली आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये डोंगराच्या देवाची परवानगी आणि पहिल्या झाडाची तोड हे विधी झाले. २०२६ आणि २०२७ ला इसेचे रहिवासी लाकडं ओढून आणतात: गेकूची गाड्यांवरून रस्त्याने, नाइकूची इसुझू नदीच्या पात्रातून, कंबरभर पाण्यात दोर ओढत. बाहेरच्यांनाही एका दिवसापुरतं सामील होता येतं, पण जपानी गटामार्फत आणि आधी नाव देऊन. नदीत उतरणार असाल तर पायातून न सुटणारे जोडे हवेत, चप्पल पहिल्याच मिनिटात वाहून जाते. २०२९ ला उजी पूल नवा होईल, त्या आधीच्या काळात शेजारच्या तात्पुरत्या पुलावरून चालावं लागेल.

आणि देऊळ आतून बघायचंच असेल तर संधी एकच. देव हलवण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लोक पांढरे गोटे पांढऱ्या कापडात धरून आतल्या चौकात नेतात आणि नव्या देवळाभोवती स्वतःच्या हाताने ठेवतात. देव आत गेले की तो चौक बंद. मागच्या वेळी हे २०१३ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये झालं.

गवतीचहा

साके-मासे वगळता सगळं टिपून घेतलं. गेकूत दोन तास, इसेत एक मुक्काम, सेंगूकानचा मंगळवार तपासला. ओगराळ्याची एक शंका राहिली: डावखुऱ्या माणसानेही उजव्यानेच सुरू करायचं?

ओसरी

हो, क्रम तोच. जमत नसेल तर डाव्याने केलं तरी कोणी अडवत नाही. फक्त दांडा धुवायला विसरू नका.